ईसीएचएची वेबसाइट: ॲडेसिव्ह वापरणाऱ्या छोट्या युनिटला किती कामाची?

आधी निकाल सांगते, कारण विचारणारे बरेच आहेत. युरोपियन केमिकल्स एजन्सीची (ईसीएचए) ही वेबसाइट कोणत्या रसायनाचा काय धोका आणि युरोपात त्यावर काय बंधन, हे सांगते. ती फुकट आहे, भरवशाची आहे. ॲडेसिव्ह, थिनर, हार्डनर यांचे ड्रम विकत घेणाऱ्या आणि माल परदेशात पाठवणाऱ्या प्रत्येक छोट्या युनिटमध्ये एका तरी माणसाला ती वापरता आली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ती काय करत नाही, तेही खाली लिहिलं आहे. तो भाग गाळून वाचू नका.

भोसरी एमआयडीसीत आमचं युनिट आहे. गाडीच्या बॉनेटखाली, डॅशबोर्डमागे आणि दारांच्या आत आवाज व उष्णता अडवण्यासाठी फोमचे आणि फेल्टचे पॅड बसवतात. ते आम्ही कापतो, चिकटवतो आणि पॅक करून देतो. खरेदी आणि क्वालिटी दोन्ही माझ्याकडे आहे. बराचसा माल चाकण पट्ट्यात जातो, थोडा जर्मनीला. शॉपमध्ये तीन जातींची ॲडेसिव्ह चालतात: निओप्रीन या कृत्रिम रबराचं सोल्युशन, दोन भागांचं पीयू (पॉलियुरेथेन) आणि पाण्यातलं इमल्शन. तिन्हींचे धोके वेगळे, त्यामुळे नियमही वेगळे. जर्मन गिऱ्हाइकाचा दर सहा महिन्यांनी मेल ठरलेला असतो: अतिचिंतेच्या रसायनांची नवी यादी आली आहे, तुमच्या पॅडमध्ये त्यातलं काही आहे का, लेखी कळवा.

ही यादी जिथून निघते ती संस्था म्हणजे युरोपियन केमिकल्स एजन्सी, ईसीएचए. कार्यालय फिनलंडमधल्या हेलसिंकीत. युरोपचा ‘रीच’ हा रसायन कायदा 2007 च्या जूनमध्ये लागू झाला, तेव्हापासून संस्थेचं काम सुरू आहे. कायदा युरोपचा असला तरी वेबसाइट कोणालाही मोकळी आहे. पैसे नाहीत, आणि यादी पाहायला खातंही उघडावं लागत नाही.

पूर्वी हे काम आम्ही एका सल्लागार फर्मकडे दिलं होतं. वर्षाला पाच आकडी फी होती आणि महिन्याला एक पीडीएफ यायची. त्यात जगभरातले नियम एकाखाली एक ओतलेले असायचे. खेळण्यांचा रंग, शेतीची औषधं, बॅटऱ्या, सगळं एकत्र. आमच्या तीन ड्रमांसाठी त्यातलं काय लागू आहे, हे शेवटी मलाच शोधावं लागायचं. एकदा त्यांच्याकडून तातडीचा निरोप आला की युरोपच्या नव्या नियमामुळे तुमच्या पीयू लाइनवरच्या सगळ्या कामगारांना युरोपीय प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट लागेल, नाहीतर माल अडेल. सोबत प्रशिक्षणाचं कोटेशनही होतं. त्या दिवशी मी मूळ नियम उघडून वाचला, आणि मूळ वाचायची सवय तेव्हापासून लागली.

तो नियम काय आहे ते नीट सांगते, कारण पीयू वापरणाऱ्या पुष्कळ लोकांच्या डोक्यात याचा गोंधळ आहे. पीयूच्या हार्डनरमध्ये डायआयसोसायनेट नावाची रसायनं असतात, आमच्याकडे त्यातलं एमडीआय. त्यांची वाफ किंवा फवारा श्वासातून आत गेला किंवा ते वारंवार कातडीला लागलं, की काही माणसांना त्याची ॲलर्जी बसते आणि कामाच्या जागी दमा सुरू होतो. एकदा बसली की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो, म्हणजे त्या माणसाला तो धंदाच सोडावा लागतो. म्हणून ‘रीच’च्या परिशिष्ट 17 मध्ये, म्हणजे बंधनांच्या यादीत, नोंद 74 आली. मोकळे डायआयसोसायनेट वजनाने 0.1 टक्का किंवा त्याहून जास्त असतील, तर 24 ऑगस्ट 2023 नंतर ते औद्योगिक किंवा व्यावसायिक कामात वापरणाऱ्याचं प्रशिक्षण झालेलं हवं, आणि ते दर पाच वर्षांनी पुन्हा घ्यायला हवं. मात्र हे बंधन युरोपीय संघाच्या हद्दीत ते रसायन विकणाऱ्यावर आणि वापरणाऱ्यावर आहे. भोसरीत चिकटवून, पूर्ण सुकून गेलेल्या पॅडवर ही नोंद लागत नाही. कोटेशन परत पाठवलं.

पण वाचलेलं वाया गेलं नाही. त्या प्रशिक्षणात काय शिकवायचं असतं त्याचे विषय नियमातच दिले आहेत: हवा खेळती ठेवणं, हातमोजे कोणते, गरम किंवा फवारून लावताना धोका का वाढतो, सांडलं तर काय करायचं. ते विषय घेऊन आम्ही आमच्या लोकांना मराठीत आणि हिंदीत शिकवलं, आणि मिक्सिंगच्या टेबलाला एक्झॉस्ट बसवला. कायद्याने लागत नव्हतं. दमा मात्र युरोपातल्या कामगाराला होतो आणि भोसरीतल्याला होत नाही, असं काही नसतं.

आता वेबसाइटचा रोजचा उपयोग. मला सगळ्यात कामाचा वाटतो तो साधा शोध. ड्रमसोबत एसडीएस (सेफ्टी डेटा शीट, म्हणजे धोक्यांची माहितीपत्रिका) येते, सोळा सेक्शनची. त्यातला सेक्शन 3 काढायचा. तिथे घटक, टक्केवारी आणि सीएएस नंबर, म्हणजे रसायनाचा ओळख क्रमांक, असतो. नाव टाकून शोधू नका, नंबर टाकून शोधा. एकाच रसायनाची पाच नावं असतात. टोल्युइन कुठे मिथाइलबेंझीन म्हणून लिहिलेलं असतं, पण 108-88-3 हा नंबर सगळीकडे तोच. नंबर टाकला की त्या रसायनाचं पान उघडतं: धोक्याची चिन्हं, कोणत्या यादीत आहे, कोणतं बंधन आहे, पुढे काही प्रस्ताव आहे का. 2024 च्या जानेवारीत त्यांनी ‘ईसीएचए केम’ नावाचा नवा डेटाबेस सुरू केला आणि एकेक माहिती तिकडे हलवायला घेतली. त्यामुळे जुने बुकमार्क असतील तर नव्याने करून ठेवा.

सॉल्व्हंटच्या बाबतीत एक खोच आहे. पुष्कळ सोल्युशनच्या एसडीएसमध्ये एकच रसायन नसतं, ‘हायड्रोकार्बन्स, सी7, एन-अल्केन्स, आयसोअल्केन्स, सायक्लिक्स’ अशी लांबलचक ओळ असते. हा रिफायनरीतून निघालेला काप, म्हणजे अनेक रसायनांचं मिश्रण. अशा कापांना युरोपात सीएएसऐवजी ईसी नंबरने ओळखतात, तो 9 ने सुरू होतो. शोधताना तो टाकायचा. आणि त्या कापात एन-हेक्झेन किती आहे हे पुरवठादाराला वेगळं विचारायचं, लेखी.

हे मी आवर्जून लिहिते, त्याला कारण आहे. सोल्युशन लावणारे आमचे एक जुने कारागीर आहेत, मामा म्हणतो आम्ही त्यांना. एका सकाळी ते ऑफिसच्या दारात उभे राहिले. “ताई, नव्या ड्रमचा वास वेगळा येतोय. आणि सुकतंय पण लवकर.” लेबल तेच, ग्रेड तीच, दर तोच. पुरवठादाराकडून ताजी एसडीएस मागवली तर सेक्शन 3 मध्ये टोल्युइनची टक्केवारी उतरली होती आणि हेक्झेन आत आलं होतं. आम्हाला कोणीही कळवलं नव्हतं. पुरवठादाराचं म्हणणं, टोल्युइन कमी केलं म्हणजे माल सुधारलाच. मी एन-हेक्झेनचं पान उघडून त्यांना धोक्याची वाक्यं वाचून दाखवली: मज्जातंतूंना इजा, प्रजननावर परिणामाचा संशय. ड्रम परत गेला.

हेक्झेनबद्दल एवढा आग्रह का, ते धंद्याच्या इतिहासात आहे. जपानमध्ये 1950 च्या दशकात घरोघरी सँडल चिकटवणारे कारागीर बेंझीन असलेलं रबर सोल्युशन वापरायचे. त्यांच्यात रक्ताचे जीवघेणे आजार निघाले, आणि 1959 मध्ये सरकारने बेंझीनच्या रबर सोल्युशनवर बंदी घातली. बेंझीनच्या जागी आलं हेक्झेन. मग 1960 च्या दशकात त्याच धंद्यातल्या लोकांचे हातपाय बधिर व्हायला लागले, चालताना तोल जायला लागला. हेक्झेनचं शरीरात 2,5-हेक्झेनडायोन बनतं आणि ते लांब नसांवर, म्हणजे आधी पाय आणि मग हात, अशा क्रमाने घाला घालतं. एक विष काढून दुसरं आणलं, असा तो प्रकार. म्हणून ‘टोल्युइन-फ्री’ असं डब्यावर छापलेलं पाहून खूश होणाऱ्यांना मी नेहमी विचारते, मग त्याच्या जागी काय घातलंय?

टोल्युइनचा विषय निघालाच आहे तर ‘युरोपात टोल्युइनवर बंदी आहे’ हे वाक्यही तपासून घ्या. विक्रेते ते बिनधास्त फेकतात. परिशिष्ट 17 ची नोंद 48 सांगते की सर्वसामान्य ग्राहकांना विकायच्या ॲडेसिव्हमध्ये आणि स्प्रे पेंटमध्ये टोल्युइन 0.1 टक्का किंवा जास्त चालणार नाही. सर्वसामान्य ग्राहकांना, म्हणजे दुकानातून घरी नेणाऱ्याला. कारखान्यात जाणाऱ्या ड्रमवर ही नोंद नाही. सायक्लोहेक्झेनचंही तसंच. नोंद 57 निओप्रीनच्या कॉन्टॅक्ट ॲडेसिव्हबद्दल आहे, तीही ग्राहकाला विकायच्या 350 ग्रॅमपेक्षा मोठ्या पॅकपुरती. घरात फरशीवर किंवा भिंतीवर मोठा डबा ओतून काम करणाऱ्याला वाफेचा त्रास होऊ नये, हा त्यामागचा हेतू. मूळ वाक्य वाचलं की अर्धी भीती उतरते, आणि जिथे खरी काळजी घ्यायची तिथे लक्ष जातं.

आता गिऱ्हाईक ज्या यादीबद्दल विचारतं ती. तिला कँडिडेट लिस्ट म्हणतात. अतिचिंतेची रसायनं त्यात असतात. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये 15 नावांनी सुरुवात झाली, 2025 च्या जूनमध्ये आकडा 250 वर गेला. साधारण वर्षातून दोनदा, हिवाळ्यात आणि जूनच्या सुमारास, नवी नावं येतात. ॲडेसिव्हवाल्यांच्या कामाची त्यातली नावं म्हणजे इमल्शनला मऊपणा देणारं डायब्युटाइल थॅलेट (पहिल्याच यादीतलं), एनएमपी सॉल्व्हंट, इपॉक्सीच्या मुळाशी असलेलं बिस्फेनॉल ए, सिलिकोन सीलंटमधले डी4, डी5, डी6 आणि 2023 च्या जानेवारीत आलेलं मेलामाइन. संपूर्ण यादी एक्सेलमध्ये उतरवून घेता येते. मी आमच्या सगळ्या एसडीएसमधले सीएएस नंबर एका शीटमध्ये ठेवलेत. नवी यादी आली की व्हीलुकअप लावते आणि दुपारच्या चहाच्या आत उत्तर तयार असतं. पूर्वी ह्याच उत्तरासाठी फर्मला मेल करून वाट पाहत बसावं लागायचं.

यादीतल्या रसायनाची मर्यादा 0.1 टक्का आहे; तिचा हिशेब कशावर करायचा, हा प्रश्न इथे येतो. वस्तूच्या वजनावर. पण कोणती वस्तू? पॅड की अख्खी गाडी? युरोपीय न्यायालयाने 2015 च्या सप्टेंबरमध्ये हे निकालात काढलं: मोठ्या वस्तूत बसवलेली छोटी वस्तू ही स्वतंत्र वस्तूच राहते, हिशेब तिच्यावर करायचा. त्यामुळे गाडी दीड टनाची आहे, आपल्या पॅडमधलं ते किती असणार, हा युक्तिवाद कोणाच्या तोंडी आला तर ऐकू नका. आणि एखादं रसायन मर्यादेच्या वर निघालं तर ग्राहकाने विचारल्यापासून 45 दिवसांत त्याला उत्तर मिळायला हवं, असं कलम 33 आहे. तुमचं गिऱ्हाईक तुमच्या मागे घाई लावतं ती म्हणूनच.

मला या वेबसाइटची सगळ्यात जास्त किंमत वाटते ती मात्र यादीपेक्षा यादीच्या आधीच्या पानासाठी. ‘रजिस्ट्री ऑफ इंटेन्शन्स’ नावाची नोंदवही आहे. कोणता देश कोणत्या रसायनाचा प्रस्ताव आणणार आहे, कधी आणणार आहे, हे तिथे आधीच लिहिलेलं असतं. मग प्रस्ताव येतो, त्यावर लोकांच्या हरकती मागवतात, यादीच्या प्रस्तावांना त्यासाठी 45 दिवस असतात. हरकत कोणीही नोंदवू शकतं, भारतातलं युनिटसुद्धा. फ्लोरिनच्या पीएफएएस रसायनांवर सरसकट बंधन आणायचा प्रस्ताव पाच देशांनी 2023 च्या सुरुवातीला मांडला, त्यावर हजारो हरकती आल्या आणि त्या तिथे वाचायला ठेवलेल्या आहेत. टेपच्या मागचा सुटा कागद, ज्याला आपण रिलीज लायनर म्हणतो, त्यावर काही ठिकाणी फ्लोरोसिलिकोनचा थर असतो. म्हणून मी त्यातल्या टेपवाल्यांच्या हरकती चाळल्या. नियम येण्याच्या आधी त्या धंद्यातली माणसं काय म्हणताहेत हे असं घरबसल्या वाचायला मिळणं छोट्या युनिटसाठी फार मोठं आहे.

आत्ता माझ्या टेबलावर आहे ते फॉर्माल्डिहाइड. बॉनेटखालचं फेल्ट हे बहुतेक जुन्या कापडाच्या तंतूंचं असतं आणि ते फिनॉलिक रेझिनने बांधलेलं असतं. त्या रेझिनमधून थोडं थोडं फॉर्माल्डिहाइड सुटत राहतं. युरोपने 2023 च्या जुलैमध्ये नियम काढला: लाकडी वस्तू आणि फर्निचरला 6 ऑगस्ट 2026 पासून आणि रस्त्यावरच्या वाहनांच्या आतल्या हवेला 6 ऑगस्ट 2027 पासून दर घनमीटरला 0.062 मिलिग्रॅमची मर्यादा. बाकीच्या वस्तूंना 0.08. आम्ही गाडी बनवत नाही, पण दाराच्या आतलं फेल्ट आमचं असेल तर गाडीवाला आमच्याकडेच बघणार. म्हणून आतापासूनच फेल्टवाल्याकडून एमिशनचा रिपोर्ट मागतेय, आणि आतल्या भागांसाठी फिनॉलिकऐवजी वितळणाऱ्या तंतूने बांधलेलं फेल्ट घेऊन चाचण्या चालू आहेत. हे तारखेच्या आधी कळलं ते दर बुधवारी येणाऱ्या ‘ईसीएचए वीकली’ या मेलमुळे. तीही फुकट आहे. सगळी वाचायची गरज नाही, मथळे पाहिले तरी पुरे.

आता ती काय करत नाही ते.

ती तुमच्या ब्रँडच्या ड्रमबद्दल काही सांगत नाही. रसायनाबद्दल सांगते. ड्रममध्ये काय आहे हे एसडीएसवर अवलंबून, आणि एसडीएस जुनी किंवा अर्धवट असेल तर पुढचा सगळा शोध फोल. रिव्हिजनची तारीख आधी बघा. रसायनाचं थोडक्यात दिलेलं पान हे बरंचसं कंपन्यांनी भरलेल्या माहितीतून आपोआप बनतं, तसं तिथे लिहिलेलंही आहे. म्हणून गिऱ्हाइकाला लेखी देताना कायद्याची मूळ नोंद वाचावी. मजकुराची भाषा कायद्याची आणि युरोपातली. साइटचा काही भाग तेवीस भाषांत आहे, पण शास्त्रीय तपशील इंग्रजीतच, आणि तीही जड.

आणि सर्वात महत्त्वाचं: तिथे भारताचा कायदा नाही. युरोपच्या यादीत तुम्ही स्वच्छ निघालात म्हणून भोसरीत कायदेशीर आहात असं होत नाही. आपल्याकडे टोल्युइनच्या सोल्युशनची पहिली गाठ पडते ती 1934 च्या पेट्रोलियम कायद्याशी. त्यात पेट्रोलियमची व्याख्या द्रव हायड्रोकार्बन असलेल्या कोणत्याही ज्वालाग्राही मिश्रणापर्यंत जाते, मग ते पातळ असो, दाट असो की घन. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते ते, 23 अंशांच्या खाली असेल तर तो क्लास ए. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट 4 अंश आहे. विक्रीसाठी नसलेलं क्लास ए लायसन्सशिवाय एकूण 30 लिटरपर्यंतच ठेवता येतं. एक भरलेला ड्रम 200 लिटरचा असतो, हिशेब तुम्हीच करा. लायसन्स देणाऱ्या पेसोचं, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं, मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे, त्यामुळे शंका असेल तर विचारायला हेलसिंकी गाठायला नको. त्याखेरीज 1989 चे धोकादायक रसायनांचे नियम, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली कामगार सुरक्षेची नवी संहिता. हे सगळं ई-गॅझेटवर, म्हणजे सरकारी राजपत्राच्या साइटवर, जाऊन वेगळं बघावं लागतं. तेही फुकट आहे, पण ईसीएचएसारखं रसायनाचा नंबर टाकला आणि सगळं एका पानावर आलं, असं आपल्याकडे झालं तर मला फार बरं वाटेल. भोसरी, वाळूज, बुटीबोरी इथल्या छोट्या युनिटवाल्यांना त्याची युरोपवाल्यांपेक्षा जास्त गरज आहे.

सल्लागार नकोच असं मी म्हणत नाही. युरोपात रसायन विकायचं असेल, नोंदणी करायची असेल, तर जाणकार माणूस लागतोच. पण ज्याचं काम तयार वस्तू पाठवणं आणि डिक्लरेशन देणं एवढंच आहे, त्याने आधी ही वेबसाइट वापरून पाहावी. कोणी घाबरवलं तर त्याला एकच विचारावं: नोंद नंबर किती? नंबर मिळाला की ती नोंद स्वतः वाचता येते.

सुरुवात करायची असेल तर एक ड्रम निवडा, शक्यतो सर्वात जास्त खपणारा. त्याची ताजी एसडीएस मागवा, सेक्शन 3 मधले नंबर कागदावर उतरवा आणि एकेक टाकून बघा. तो कागद शॉपमध्ये सोल्युशनच्या टेबलाशेजारी लावा, धोक्याची वाक्यं मराठीत लिहून. आमच्याकडे तो मामांनीच लावलाय, आणि नवा ड्रम उघडायच्या आधी लेबलावरचा बॅच नंबर आता ते स्वतः रजिस्टरमध्ये टिपून ठेवतात.